ओकेयाचे दहा कोस

मी एक जुनी युद्धनौका आहे. पिरेयसच्या गोदीतल्या शेवटच्या खोपीत मी ओंडक्यांवर कलंडून पडले आहे. माझ्या अंगावर कबुतरे बसतात आणि त्यांना जे करायचे ते करतात. माझे नाव ओकेया. आमच्या लोकांच्या भाषेत ओकेया म्हणजे वेगवान. एके काळी मी तशी होतेही. आता कोणी ते नाव मोठ्याने घेतले की मला शिसारी येते.

मित्रांनो, गोदीत येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, की ही किती जोरात धावायची. मग ज्याने माझ्यावर कधी पाऊल ठेवले नाही असा एखादा पहारेकरी पुढे होतो. छाती काढून तो सांगतो की ओकेया एका दिवसात अमुक बेटाला जायची आणि तीन दिवसांत तमुक देशाला. संध्याकाळी गुत्त्यात हेच अंतर दुप्पट होते. माझा वेग या लोकांनी इतका चघळला आहे की त्याला आता काही चव उरलेली नाही. म्हणून म्हटले, एकदा आपणच सांगून टाकावे. मी किती जोरात धावले, किती लांब गेले, आणि कुठे दहा कोस कमी पडले, ते सगळे सांगते.

माझा जन्म उत्तरेकडच्या डोंगरातल्या उंच झाडांतून झाला. हलके, सरळ लाकूड होते ते. सुतारांनी फळीला फळी भिडवून, आत लाकडी खुंट्या ठोकून मला सांधले आणि सगळ्या सांध्यांवर गरम राळ फासली. माझ्या पुढच्या टोकाला त्यांनी शत्रूच्या नौका फोडायला काशाची सोंड बसवली आणि तिच्या वर दोन्ही बाजूंना दोन डोळे रंगवले. नौकेला डोळे नसतील तर ती वाट कशी शोधणार, असे आमच्याकडे सगळेच मानतात. माझ्या उजव्या डोळ्याचे बुबुळ मात्र रंगाऱ्याने रंगवलेले नाही. ते तांडेलाच्या मुलीने रंगवले. तिचे नाव मेलिन्ना. ती तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. बापासाठी भाकरी, कांदे आणि ऑलिव्ह घेऊन ती गोदीत आली होती. रंगारी जेवायला गेला आणि हिने कुंचला उचलला. बुबुळ थोडे वाकडे झाले. रंगारी परत आल्यावर चिडला, पण तांडेल म्हणाला, "राहू दे. तिला पोरीच्या नजरेनं बघू दे."

हा तांडेल म्हणजे मिकोन. बुटका, पुढचा एक दात पडलेला, कमी बोलणारा माणूस. माझे सुकाणू पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात होते. माझ्या पोटात तीन थरांत एकशे सत्तर वल्हेकरी बसत. प्रत्येक जण आपापले वल्हे आणि बुडाखाली घ्यायची मेंढीच्या कातड्याची उशी घेऊन चढत असे. सगळ्यांत खालच्या थरात दोर्कोन नावाचा एक वल्हेकरी होता. वरच्या दोन थरांतल्या लोकांचा घाम, थुंकी आणि बाकीचे जे काही खाली येते ते सगळे त्याच्या डोक्यावर पडायचे. तरी त्याचे तोंड कधी बंद नसायचे. "वरच्यांनी काल मसूर खाल्लेत," तो सांगायचा, "मला बातमी आधी कळते."

त्या वर्षांत मी खरोखर धावत होते. कोवळ्या उन्हात निघावे आणि दिवेलागणीपर्यंत साठ कोस पाणी मागे टाकावे, ही माझी रोजची चाल होती. धान्याने पोट भरलेली गलबते पाठीशी वारा असला तर माझ्या अर्ध्या चालीने जात. वारा तोंडावर आला की ती कुठल्यातरी बंदरात आठवडाभर जांभया देत बसत, आणि मी वल्ह्यांवर त्यांच्या नाकासमोरून निघून जात असे. मी ईशान्येला काळ्या समुद्राच्या तोंडापर्यंत गेले, पश्चिमेला सिसिलीला लागले, दक्षिणेला नाईल नदी जिथे समुद्र गढूळ करते तिथले पाणीही चाखले. पण गुत्त्यातले शहाणे एक गोष्ट कधी सांगत नाहीत. हे सगळे मी किनारा धरून, तुकड्या-तुकड्याने गेले. माझ्यात झोपायला जागा नाही आणि चूल मांडायलाही नाही. दुपारी आणि संध्याकाळी एकशे सत्तर माणसांना वाळूवर उतरवावेच लागते.

दुसरी गोष्ट तर त्यांना माहीतही नाही. माझा वेग वल्ह्यांत होता तेवढाच माझ्या कोरडेपणात होता. लाकूड पाणी पिते. पाण्यात पडून राहिलेली नौका महिन्याभरात ओल्या गोणपाटासारखी जड होते. तिच्या पोटाला शेवाळ धरते, शंख-शिंपले चिकटतात, किडे फळ्या पोखरतात. म्हणून तिला वाळूवर ओढून उन्हात सुकवावे लागते, खरवडावे लागते, नवी राळ द्यावी लागते. मिकोन हे सगळे न चुकता करायचा. काम झाले की तो माझ्या पोटाखाली आडवा व्हायचा, फळ्यांवरून तळहात फिरवायचा आणि मग बोटांचा वास घ्यायचा. राळेचा वास आला तर मान डोलवायचा. कुजका, आंबट वास आला तर पुन्हा खरवडणीला लागायचा. त्याची माणसे त्याला हसायची. मला मात्र तो हात आवडायचा.

मेलिन्ना मोठी झाली आणि लग्न होऊन पेत्रेया बेटावर गेली. तिथे आमच्या शहराने काही कुटुंबांना जमिनी देऊन वसवले होते. पेत्रेया इथून एकशेवीस कोसांवर आहे. हा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

मग एका वर्षी मी दिफिलोसच्या वाट्याला आले. आमच्या शहरात श्रीमंत माणसाला वर्षभर एक युद्धनौका सांभाळावी लागते. नौका शहराची असते, निगा त्याने राखायची असते आणि मोहिमेवर तिच्याबरोबर जायचेही असते. काही जण ते मनापासून करतात. दिफिलोस केसांना सुगंधी तेल लावून गोदीत यायचा आणि येताना नाकाला रुमाल धरायचा. त्याला समुद्राचा वास सहन होत नसे. मला त्याच्या तेलाचा होत नसे.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे मुकुट. वसंतात जो आपली नौका सगळ्यांत आधी सज्ज करून धक्क्याला आणील, त्याला आमच्याकडे सोन्याच्या पानांचा मुकुट मिळतो आणि त्याचे नाव दगडावर कोरून चौकात उभे करतात. आदल्या वर्षी तो मान त्याच्या शेजाऱ्याला, लिसिसला मिळाला होता. दिफिलोसला तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हते. त्यातून मी तो सगळा हिवाळा पहाऱ्यावर पाण्यातच काढला होता. बाकीच्या नौका खोपीत सुकत होत्या तेव्हा मी बंदराच्या तोंडाशी कुजत होते.

"धनी, हिला दहा दिवस तरी वर ओढायला पाहिजे," मिकोन म्हणाला. "खाली बोटभर शेवाळ आहे. शिंपले तर असे चिकटलेत की हात फाटतो."

"दहा दिवस? तोवर तो लिसिस मुकुट घालून जेवायला बसेल."

"मग अर्धा दिवस द्या. सुकवणं राहू दे. सगळी माणसं लावतो आणि नुसतं खरवडून घेतो."

"अर्ध्या दिवसानंच मुकुट जातो, मिकोन. आणि पाण्याखालचं कोण बघतंय? परीक्षक काय डुबक्या मारणार आहेत?"

"मारतील की, धनी," दोर्कोन मागून म्हणाला. "आधी तुम्ही मारून दाखवा. तेवढंच तेल निघेल."

माणसे हसली. दिफिलोसने रुमाल नाकाला घट्ट धरला आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सुतार नव्हे, रंगारी आले. पाण्याच्या वर माझे जेवढे अंग दिसते तेवढे त्यांनी लालभडक रंगवले. डोळ्यांवरून निळा रंग फिरवला. पाण्याखाली मी होते तशीच होते, शेवाळाच्या झिपऱ्या सोडलेली आणि बरबटलेली. लिसिसची नौका खोपीत छान सुकून बाहेर येत होती. तिच्या आधी अर्धा दिवस मी धक्क्याला लागले.

परीक्षकांनी दोर मोजले, शीड उलगडून पाहिले, वल्ही मोजली. बंदरातल्या बंदरात मला एक फेरी मारायला लावली. एवढ्याशा पाण्यात कासवही चपळ दिसते. त्यांनी दिफिलोसच्या डोक्यावर मुकुट ठेवला, त्याने तो काढून माझ्या मागच्या खांबाला अडकवला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मला आयुष्यात खूप घाण सोसावी लागली आहे. माझ्या तळाला साचणारे पाणी तुम्ही पाहिलेत तर आठवडाभर जेवणार नाही. पण त्या टाळ्यांइतकी किळस मला कशाचीच आली नाही. वर सोन्याची पाने, आणि खाली पोटाला लोंबणारी घाण. मला वाटत होते, कोणीतरी बुडी मारावी आणि ओरडून सांगावे. कोणी बुडी मारली नाही.

पाचव्या दिवशी पहाटे पेत्रेयाहून एक कोळी आला. शत्रूने बेटावरच्या वस्तीला वेढा घातला होता. आतले धान्य संपले होते. वस्तीतल्या लोकांनी शत्रूशी करार केला होता: परवाच्या सूर्यास्तापर्यंत मदतीची खूण दिसली नाही, तर दरवाजे उघडायचे. दरवाजे उघडले की पुढे काय होते ते आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पुरुषांना मारतात किंवा विकतात. बायकामुलांना विकतातच. आमच्या बाकीच्या नौकांचा काफिला निघायला दोन दिवस लागणार होते. पण एक जरी युद्धनौका डोलकाठीवर लाल कापड लावून बेटासमोर दिसली असती, तर मागून काफिला येतो आहे हे वस्तीला कळले असते आणि त्यांनी दरवाजे बंद ठेवले असते. म्हणजे तीन दिवस हातात होते आणि एकशेवीस कोस जायचे होते. धडधाकट, कोरड्या नौकेला दोन दिवस पुरले असते.

सभेची माणसे घाईघाईने धक्क्यावरच जमली.

"सगळ्यांत चपळ नौका कोणती?" अध्यक्षाने विचारले.

"त्यात विचारायचं काय? मुकुटवाली पाठवा," कोणीतरी म्हणाले, आणि शेकडो हात वर झाले.

आमच्याच लोकांनी करावी अशी ही चूक होती. जी पहिली तयार झाली तीच पहिली पोचणार, असे ते धरून चालले. लिसिसची नौका माझ्या शेजारी उभी होती, हलकी, कोरडी, राळेचा वास येणारी. तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. दिफिलोसचा चेहरा पांढरा पडला होता, पण मुकुट घेतलेल्या माणसाला तोंड उघडता येत नाही. अध्यक्ष मिकोनकडे वळला.

"तांडेल, वेळेत पोचाल ना?"

मिकोनला माझे पोट ठाऊक होते. त्याने एक शब्द बोलायचा होता, की ही नको, ती पाठवा. पण लिसिसच्या नौकेवर दुसरा तांडेल होता. तो माणूस दुपारी जेवायला थांबेल, वारा पाहून उशिरा निघेल, त्याची पोर तिथे नाही, असे काहीतरी मिकोनच्या मनात आले असणार. त्याला वाटले की बाप सुकाणूवर असला म्हणजे नौका जड असली तरी चालते.

"पोचू," तो म्हणाला.

तेवढा एक शब्द ऐकून मला मिकोनचीही किळस आली. ती अजून गेलेली नाही, आणि मला ती सहनही होत नाही.

पहिल्या दिवशी माणसांनी जीव तोडून वल्ही मारली. क्षणभरही वेळ फुकट जाऊ नये म्हणून ती बाकांवरच जेवली. जवाचे पीठ दारूत आणि ऑलिव्हच्या तेलात मळून त्याचे गोळे त्यांच्या तोंडात घातले जात होते आणि वल्ही चालूच होती. तरी माझी चाल येईना. प्रत्येक वल्ह्यासरशी मी पुढे सरकायची आणि शेवाळ मला मागे ओढायचे. ओल्या घोंगड्या पांघरून पळण्यासारखे होते ते. सूर्य मावळला तेव्हा साठाऐवजी पस्तीस कोस झाले होते.

आम्ही एका वाळूच्या किनाऱ्याला लागलो. मिकोन कमरेपर्यंत पाण्यात उतरला, त्याने माझ्या पोटाखाली हात घातला आणि मूठभर घाण उपसून दिफिलोससमोर धरली. शेवाळ, चिखल, त्यात वळवळणारे काहीतरी. दिफिलोस ओकला.

"उद्या सकाळी हिला वर ओढायची," मिकोन म्हणाला.

"वेड लागलंय तुला? आधीच मागं पडलोय आपण. तू अर्धा दिवस थांबणार?"

"पस्तीस-पस्तीस करत गेलो तर तीन दिवसांत पोचत नाही. हिशेब करा. खरवडली तर पन्नास जाईल. कदाचित पोचू."

"लोक बघतील," दिफिलोस म्हणाला. किनाऱ्यावर दोन मेंढपाळ आणि त्यांची शेरडे होती.

"बघू द्या. मुकुट त्यांना पण दाखवू," दोर्कोन म्हणाला.

सकाळी त्यांनी मला वाळूवर ओढले. एकशे सत्तर माणसे माझ्या पोटाला भिडली. खरवडायला अवजारे कुठली असणार, धन्याने ती घेतलीच नव्हती. कोणी जेवणाचा सुरा घेतला, कोणी फुटक्या घागरीची खापरी, कोणी शिंपला. ऊन चढले तसा वास सुटला. हिवाळाभर साठलेले सगळे त्या उन्हात उकळू लागले. माणसे नाकाला फडके बांधून खरवडत होती, मध्येच बाजूला जाऊन ओकत होती आणि परत येऊन खरवडत होती. त्यांचे हात कापले. माझ्या पोटावरून त्यांचे रक्त आणि माझी घाण एकत्र ओघळत होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दिफिलोस दूर एका झाडाखाली पाठ करून बसला होता.

शिंपल्यांबरोबर जुनी राळही निघून आली. मिकोनला ते दिसले, पण आता नवी राळ कुठून आणणार. सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्यांनी मला पाण्यात ढकलले. मी आतून अजून ओलीच होते, पण पोट मोकळे झाले होते. संध्याकाळपर्यंत आम्ही पंचवीस कोस गेलो. तिसऱ्या दिवशी पन्नास. त्या दिवशी वल्ह्यांचे दांडे रक्ताने निसरडे झाले होते आणि दोर्कोन एकही चेष्टा करत नव्हता. मिकोन सारखा सूर्याकडे पाहत होता. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा पेत्रेयाचा डोंगर लांब निळा दिसत होता. अजून दहा कोस बाकी होते. एवढ्या अंतरावरून डोलकाठीवरचे लाल कापड कोणाला दिसणार?

"अंधारात जाऊ," मिकोन म्हणाला.

"पुढं सामुद्रधुनीत खडक आहेत, तांडेल," दोर्कोन हळूच म्हणाला. "आज चंद्र नाही. तुम्ही सांगितलंत तर आम्ही वल्ही मारू. पण खडकावर गेलो तर तुमच्या पोरीपर्यंत कोण पोचणार?"

मिकोनने वल्ही थांबवली. मित्रांनो, बंदरात मागितलेला तो अर्धा दिवस दिफिलोसने दिला असता, तर आम्ही त्याच दिवशी सूर्यास्ताच्या कितीतरी आधी बेटासमोर उभे असतो. तेवढाच अर्धा दिवस आम्ही वाळूवर भरला. काम तेच, हात तेच, घाण तीच. फक्त पंचवीस कोस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बेटाला वळसा घातला. वस्तीचे दरवाजे उघडे होते. शत्रूचे सैनिक आत होते आणि दोन मालवाहू गलबते नुकतीच धक्का सोडून निघाली होती. त्यांच्या पाठीवर माणसे दाटीवाटीने बसवलेली होती. आमची माणसे. मिकोनने काही न बोलता सुकाणू त्यांच्याकडे वळवले.

त्या दोन गलबतांना गाठणे हा एके काळी माझा पोरखेळ होता. असली पोट सुटलेली गलबते मी जांभई देत गाठली असती. पण त्यांच्या मोठ्या शिडांत वारा होता, आणि माझ्या पाठीशी एक लहानसे शीड आणि तीन दिवस वल्ही मारून सोललेले हात. राळ गेलेल्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. खालच्या थरात दोर्कोनच्या घोट्यापर्यंत पाणी आले, मग पोटऱ्यांपर्यंत. तरी अंतर कमी होत होते. मागच्या गलबतावरची तोंडे दिसू लागली. मग ती दिसली. ती गलबताच्या मागच्या कडेला उभी होती, कडेवर मूल घेऊन. माझ्या उजव्या डोळ्याने तिला आधी ओळखले. वरचा निळा रंग लाटांनी कधीच धुऊन टाकला होता.

"मेलिन्ने," मिकोन माझ्या मागच्या टोकावरून ओरडला. एकशे सत्तर माणसांच्या डोक्यांवरून त्याचा आवाज गेला.

तिने हात वर केला आणि ओरडून काहीतरी सांगितले. मागे मिकोनपर्यंत वल्ह्यांच्या आवाजात ते पोचले नाही. माझ्या पुढच्या टोकावर खडक पाहायला नेमलेला एक माणूस उभा होता. त्याला ते ऐकू आले. मलाही आले. आणि तेवढ्यात वारा वाढला. त्यांचे शीड टम्म फुगले आणि माझ्या पोटात पाणी चढले. वल्ही एकमेकांत अडकू लागली. अंतर वाढत गेले. थोड्या वेळाने तोंडे दिसेनाशी झाली, मग माणसे, मग नुसती शिडे राहिली.

"काय म्हणाली ती?" मिकोनने विचारले.

पुढचा माणूस वळला. त्याने मिकोनच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"वारा होता, तांडेल. नाही कळलं."

परत आल्यावर दिफिलोसने सभेला सांगितले की वारा प्रतिकूल होता. तेव्हा मिकोन उभा राहिला. तो कधी सभेत बोललेला नव्हता.

"वारा नव्हता," तो म्हणाला. "शेवाळ होतं. यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी 'पोचू' म्हणालो. शेजारची नौका पाठवली असती तर ती लोकं आज घरी असती."

सभेत बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरले काय, तर मुकुट सगळ्यांत आधी धक्क्याला लागणाऱ्या नौकेसाठी असतो. पोचण्याचा त्यात उल्लेख नाही. दिफिलोस सगळ्यांत आधी लागला होता, हे कोणी नाकारत नव्हते. म्हणून मुकुट त्याच्याकडेच राहिला. त्याच्या नावाचा दगड आजही चौकात उभा आहे. त्यावर माझेही नाव कोरलेले आहे. पक्ष्यांनी त्याच्यावरही बसावे अशी माझी फार इच्छा आहे.

मला खोपीत ओढून ठेवले, कारण सांधे उसवलेली नौका कोणाला नको होती. मिकोनने पुन्हा सुकाणूला हात लावला नाही. त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर मुलीची चौकशी केली. गुलामांच्या बाजारांची नावे कळली, ती कुठे आहे ते मात्र कळले नाही.

तो म्हातारा झाला आहे. तरी दर वसंतात काठी टेकत खोपीत येतो, माझ्या पोटाखाली आडवा होतो आणि खरवडू लागतो. खरवडायला आता तिथे काही नाही. वर्षानुवर्षे मी कोरडी ठणठणीत आहे. इतकी कोरडी मी माझ्या चांगल्या दिवसांतही नव्हते. आता कोणी पाण्यात सोडले तर पहिल्या लाटेला उकलेन. तो फळ्यांवरून तळहात फिरवतो, बोटांचा वास घेतो आणि बराच वेळ तसाच पडून राहतो. मग दर वेळी तेच विचारतो. "काय म्हणाली गं ती?"

मित्रांनो, तुमच्याकडेही नौका असतील, गाड्या असतील, जनावरे असतील, ज्यांच्या जिवावर तुम्ही लांब जाल. ती किती जोरात धावतात हे चारचौघांत सांगण्याआधी एकदा वाकून त्यांच्या पोटाखाली हात घाला. बोटांचा वास घ्या. घाण असली तर तिथल्या तिथे सांगा, मग समोर कोणीही मुकुट घालून उभा असो. मला तोंड नव्हते. ज्याला होते तो एका शब्दात अडकला.

आणि एक काम माझ्यासाठी करा. पिरेयसला आलात तर शेवटच्या खोपीत या. वसंताचे दिवस असतील तर माझ्या पोटाखाली एक म्हातारा पडलेला असेल. पुढच्या टोकावरच्या त्या माणसाने दयेपोटी सांगितले नाही, आणि मला सांगता येत नाही. तुम्ही त्याच्या कानाशी वाका आणि सांगा. ती ओरडून म्हणाली होती, "बाबा, थोडंच राहिलंय."